मदत हवी आहे : टर्की उत्तर देतो, पण जवळ येत नाही

नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. शनिवारी मित्राबरोबर आयुष्यात पहिल्यांदा रानटर्कीच्या (कोंबडीच्या जातीतला मोठा रानपक्षी) शिकारीला गेलो. मित्र लहानपणापासून जाणारा, मी अगदी नवखा. परवाना रीतसर काढलाय.

पहाटे अंधारातच ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसलो. उजाडायच्या आधी झाडावरूनच नराने अशी आरोळी ठोकली की अंगावर काटा आला! मित्राने खडूने घासलेल्या लाकडी डबीवर मादीचा आवाज काढला, नराने लगेच उत्तर दिलं. तीन-चारदा. मग पंख फडफडवत खाली उतरला आणि एकदम चिडीचूप. थोड्या वेळाने दूर उतारावर दोन माद्यांमागे पिसारा फुलवून चाललेला दिसला.

इथे वसंतात पाठलाग करायला कायद्याने बंदी आहे, आवाज देऊनच बोलवावं लागतं. सुरुवातीचे आठवडे वेळही दुपारी बारापर्यंतच. मित्र म्हणतो, माद्या अंड्यांवर बसायला गेल्या की नर एकटा पडतो, म्हणून दहानंतर थांबायचं. हे खरंच जमतं का? की नर खाली उतरल्यावर आवाज कमी करायचा?

अनुभवी मंडळींनी कृपया सांगा. पुढच्या शनिवारी परत जातोय, आणि तो पक्षी मनातून जात नाहीये.