यूथ हॉस्टेलात बिअर-वाइन विकू द्यावी का?

भटक्या_कोथरूड
मागच्या जूनमध्ये इंग्लंडात लेक डिस्ट्रिक्टला गेलो होतो. विंडरमिअर तळ्याकाठच्या यूथ हॉस्टेलात उतरलो. ज्या पोरीने खोलीची किल्ली दिली तिनेच संध्याकाळी त्याच काउंटरवर बिअर ओतून दिली. जेवणघरात शाळकरी पोरं पत्ते कुटत होती, शेजारच्या टेबलावर दोन आजोबा वाइन घेत होते. कुणी कुणाकडे ढुंकून पाहत नव्हतं. आणि ही हॉस्टेलं चालवणारी तिथली यूथ हॉस्टेल संस्था १९३० साली निघाली, सुरुवातीला इतकी कडक की दारू बंद, दिवसा हॉस्टेलला कुलूप, वर पाहुण्यांनी झाडलोट आणि भांडी करायची! आता स्थानिक कौन्सिलचं लायसन घेऊन राजरोस विकतात.

आपल्याकडे भिंतीवर पाटी 'मद्यपान सक्त मनाई' आणि सकाळी फ्लशच्या टाकीमागे रिकाम्या चपट्या. माझं म्हणणं एवढंच: शहरातल्या आणि किनाऱ्यावरच्या हॉस्टेलांना फक्त बिअर-वाइनचा छोटा परवाना द्या. रात्री दहापर्यंत, फक्त जेवणघरात. डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकांच्या सामायिक झोपायच्या खोलीत, थेंबही नको. नियमात बदल व्हायला हवा असं वाटतं. बोला.

घाटवाट
साफ विरोध. आपल्याकडच्या यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमाचलातल्या सार पास ट्रेकच्या कॅम्पला दोनदा लीडर होतो. कॅम्प कसोलला, तिथल्या बाजारात दारूचा ठेका आहे, सगळ्यांना दिसतो, तरी गेटच्या आत दारू नाही म्हणजे नाही. रात्री बोर्नव्हिटा, बिनलाकडाचा कॅम्प फायर (लाल दिवे लावून!), की झोप. तुम्हाला हसू येईल, पण १३,८०० फुटांवर जायचं असतं. डोकं दुखतंय, उलटी होतेय, हे उंचीमुळे की कालच्या रात्रीमुळे, हे मी कसं ओळखायचं? दारूने झोपेत श्वास मंदावतो, तिथे हवा आधीच विरळ. चुकलो तर पोरगं हातचं जाईल.

भटक्या_कोथरूड
घाटवाटदादा, ट्रेकच्या कॅम्पला मी हात लावलेलाच नाही. 'शहरातल्या आणि किनाऱ्यावरच्या' लिहिलंय.

घाटवाट
वाचलं. पण संस्था एकच, सभासद तेच. पुण्याच्या हॉस्टेलात चालतं मग कसोलला का नाही, हे पहिल्याच बॅचमध्ये ऐकावं लागेल.

रेवती_एकटीच_फिरते
मी आठ बेडच्या मिक्स डॉर्ममध्ये झोपलेली बाई म्हणून बोलते. गोव्यातलं एक हॉस्टेल, नाव नको. खाली बार. रात्री अडीचला वरच्या बंकवरचा मुलगा आला, शिडी सापडेना म्हणून माझ्या गादीवर पाय देऊन चढला आणि वरून ओकला. माझ्या बॅगेवर. रिसेप्शनला गेले तर तिथे माणूसच नाही, काउंटरवर एक मोबाइल नंबर चिकटवलेला. बार मात्र दीडपर्यंत चालू होता, तिथे दोन माणसं होती!

भटक्या, तुमच्या त्या इंग्लंडातल्या पोरीला विचारा, रात्री हॉस्टेलात कोण असतं. विकायचा परवाना द्यायचाच तर अट घाला की रात्रभर जागा माणूस हवा, बाटल्या विकणारा नव्हे, खोल्या बघणारा. त्याचा पगार बिअरच्या नफ्यातून निघत असेल तर माझा विरोध नाही. निघत नसेल तर राहू द्या तुमची वाइन.

भटक्या_कोथरूड
हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रात्रीच्या माणसाची अट मान्य.

सेवाग्रामचा
मी वर्धा जिल्ह्यातला. सत्तरच्या दशकापासून आमच्याकडे दारूबंदी. 'बंदी असूनही मिळतेच ना' हे मला शिकवू नका, कुठे मिळते ते तुमच्यापेक्षा मला जास्त ठाऊक. चंद्रपुरात २०१५ला बंदी आली, २०२१ला हाच मुद्दा पुढे करून उठवली. २०२२ला सुपरमार्केटात वाइन विकायचं ठरलं तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हेही ऐकून झालं. दर वेळी छोटाच परवाना असतो हो. यूथ हॉस्टेल ही स्वस्तात फिरणाऱ्या पोरांची जागा. तिथे तरी काउंटरवर दारू दिसू नये, इतकं मागणं फार आहे का?

चकणा_प्रेमी
डॉर्ममध्ये मतदान घ्या. निम्म्याहून जास्त महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की बार बंद. गावातलं दारूचं दुकान बंद करायला राज्याचा असा नियम आहेच तयार 😄

रेवती_एकटीच_फिरते
हसू नका, मी मत देईन.

कोकणातला_यजमान
इतका वेळ नुसतं वाचत होतो. माझं बारा खाटांचं हॉस्टेल आहे सिंधुदुर्गात. तुम्ही सगळे तत्त्वावर भांडताय, मी वयावर अडलोय. महाराष्ट्रात बिअरला २१, कडक दारूला २५. माझ्याकडे येणारे निम्मे १९-२० चे, कॉलेजचे. एकाच ग्रुपमधल्या तिघांना द्यायची आणि दोघांना नाही? टेबलावर ग्लास सरकवला तर मी बघत बसू? शिवाय कागदोपत्री पिणाऱ्याकडेही परवाना हवा, एक दिवसाचा पाच रुपयांचा का होईना. बांद्याच्या पुढे पत्रादेवी ओलांडली की गोव्यात १८. पोरं तिथे पिऊन परत माझ्याकडे झोपायला येतात. म्हणजे विक्री त्यांची, ओकारी माझी. (गोव्यानेही २०१९ला समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला दोन हजार दंड लावला, तेव्हापासून जास्तच खोलीत शिरलेत सगळे.)

परमिट रूमचं लायसन माझ्या आवाक्याबाहेर, आणि असतं तरी घेतलं नसतं. बायको म्हणते, हॉटेल नाही, घर आहे आपलं.

भटक्या_कोथरूड
मग काका, तुम्ही काय करता?

कोकणातला_यजमान
बाटली काउंटरला जमा. नावाची चिठ्ठी डकवून कपाटात. संध्याकाळी सात ते दहा ओटीवर बसून घ्या, ग्लास-पाणी मी देतो. दहाला ओटीचा दिवा मालवतो आणि बाटली परत कपाटात. खोलीत सापडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी रवानगी, पैसे परत नाहीत. तीन वर्षांत दोघांनाच घालवलं.

सेवाग्रामचा
दुसऱ्याची दारू तुम्ही कपाटात ठेवता, हे कायद्यात बसतं का?

कोकणातला_यजमान
वकील मित्राला विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, चहा सांग.

चकणा_प्रेमी
आणि सकाळी 'माझी बाटली एवढी रिकामी कशी' असं कुणी विचारलं तर?

कोकणातला_यजमान
विचारलं होतं ना एकाने. तेव्हापासून जमा करताना त्याच्यासमोरच मार्करने रेघ मारतो.