रूनच्या वळणाचा फॉन्ट: मराठी नावाला कसा साधायचा?

शाईची_दौत: नॉर्स पुराणकथांवर बेतलेल्या बोर्डगेमच्या खोक्याचं काम करतेय. नाव इंग्रजीत आणि मराठीत, दोन्ही हवंय: ‘हिमवेध’. इंग्रजीसाठी टोकदार, रूनसारखे (रून म्हणजे उत्तर युरोपातली जुनी कोरीव अक्षरं) फॉन्ट ढिगाने सापडतात, पण बरेचसे नुसते ओरबाडल्यासारखे दिसतात. निवडताना बघायचं काय? आणि देवनागरीत तर शिरोरेषेपाशीच गाडी अडते.

छिन्नी: आधी रून कोरायचे कसे ते बघा. लाकडाच्या रेषांच्या दिशेने काप घेतला तर तो त्यांत हरवतो, म्हणून उभा दांडा आणि तिरक्या फांद्या. आडवी रेघ आणि गोलाई जवळपास नाहीच. नॉर्वेत बर्गनच्या ब्रिगेन धक्क्यावर १९५५च्या आगीनंतर खोदकाम झालं, त्यात रून कोरलेल्या शेकडो काठ्या निघाल्या. व्यापाऱ्यांच्या मालाला बांधलेल्या नावाच्या पट्ट्याही आहेत त्यांत. फोटो मोठे करून बघाच, फार सुंदर आहेत.

मग फॉन्टमध्ये टी, एच, ओ टाइप करा. टीचे हात खाली झुकलेत, एचची मधली रेघ तिरकी आहे, ओ शंकरपाळ्यासारखा आहे, तर करणाऱ्याने विचार केलाय. रोमन अक्षरांना नुसती टोकं चिकटवली असतील तर सोडून द्या. रुडॉल्फ कोख या जर्मन अक्षरकाराचा ‘नॉयलांट’ फॉन्ट (१९२३) पण बघा. रून नाही तो, पण कोखने कागदावर न आखता थेट धातूत कापला, आणि तो हात दिसतो.

नकाशेवाला: कडेच्या पट्टीत खरे रून घालणार असाल तर दिसण्यावर जाऊ नका. रोमन एमसारखा दिसणारा एह्वाझ हा रून ‘ए’चा आहे. जुन्या फुथार्कमध्ये (फुथार्क म्हणजे रूनची वर्णमाला) २४ चिन्हं, व्हायकिंग काळातल्या धाकट्यात १६. दोन्हींची भेसळ नको. ‘नोटो सान्स रूनिक’ मोफत मिळतो. सोविलो (‘स’चा रून) शेजारीशेजारी दोनदा नको, आणि ओथाला हा रूनही टाळा, दोन्हींचा नाझींनी वापर केलाय. जोडीचा सोविलो हे नाझींच्या एसएस या निमलष्करी संघटनेचं चिन्ह, जर्मनीत त्यावर बंदी आहे.

आणि परवाना वाचा. फुकट उतरवलेले कितीतरी फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात.

शाईची_दौत: सोविलो पट्टीत होता, काढते. देवनागरीचं काय?

छिन्नी: तयार फॉन्ट शोधू नका, सहाच आकार आहेत, हाताने काढा. शिरोरेषा ठेवा, पण प्रत्येक अक्षराची वेगळी, किंचित उतरती. ‘ध’वर ती फक्त दांड्यापुरती, डावीकडे पुढे नेलीत तर ‘घ’ वाचतील. ‘व’चं पोट कोनात मोडा, ‘ह’ला नागमोडी तिरके काप, ऱ्हस्व वेलांटीची कमान दोन सरळ रेघांत. मात्रा मुळातच तिरकी आहे, तिला हात लावू नका. अक्षरांमधलं अंतर डोळ्यांनी जुळवा, तिरक्या रेघांमुळे मध्ये भोकं पडतात.

खोक्यामागचे नियम साध्या फॉन्टमध्येच लावा. आठ-नऊ पॉइंटला हे कोन शाईने भरून येतात.