पावसाच्या लाईनीत फेब्रुवारीतही पाणी वाहतंय, कुठून येतंय कसं शोधायचं?

बी_विंग_सेक्रेटरी
मुलुंड पूर्व, तळ अधिक ७ मजले, दोन विंग. आवारात पावसाच्या पाण्याची ५ चेंबर आहेत, शेवटचं गेटाबाहेर पालिकेच्या पर्जन्य जलवाहिनीला जोडलंय. ड्रेनेजची लाईन वेगळी आहे. पाऊस संपून चार महिने झाले तरी ३, ४, ५ नंबरच्या चेंबरमधून करडं पाणी वाहतंय. सकाळी फेस, दुपारी वास. प्लंबर म्हणतो लाईन तुंबलीय, जेटिंग (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सफाई) करून घ्या. खर्च करण्याआधी खात्री कशी करायची?

निचरा
जेटिंग थांबवा. लाईन तुंबली असती तर पाणी साचलं असतं. तुमच्याकडे ते वाहतंय, म्हणजे कुणीतरी रोज सोडतंय.

फेस आणि सकाळची वेळ बघता पहिला संशय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनवर. बाल्कनी बंद करायची, तिथे मशीन ठेवायचं आणि नळी पावसाच्या डाउनटेकमध्ये (गच्चीचं पाणी खाली आणणारा उभा पाइप) खुपसायची, ही आपल्याकडची जुनी खोड. डाउनटेक हाताशी असतो. नहाणी ट्रॅपपर्यंत (मोरीतल्या जाळीखालचा, पाणी धरून वास अडवणारा भाग) जायचं तर फरशी फोडावी लागते. फेस नसता आणि पाणी दिवसभर सारखंच वाहत असतं, तर टाकीचा ओव्हरफ्लो किंवा फुटलेली पाण्याची लाईन आधी बघायला सांगितलं असतं.

चेंबर २ कोरडं आणि ३ ओलं, म्हणजे पाणी या दोघांच्या मधे किंवा थेट ३ मध्ये उतरणाऱ्या डाउनटेकमधूनच येतंय. असे किती डाउनटेक आहेत ते मोजा. प्रत्येकाच्या तळाशी मांजरपाटाचा तळहाताएवढा तुकडा मच्छरदाणीच्या जाळीत गुंडाळून, तारेने बांधून तीन-चार दिवस ठेवा. नंतर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा (उन्हात नको, खूण उडते) आणि अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली धरा. डिटर्जंटमधला कपडे उजळवणारा रंग कापडात बसतो आणि तुकडा निळसर चमकतो. मांजरपाट कोराच हवा. पांढराशुभ्र कपडा आधीपासूनच चमकतो, मग सगळेच डाउनटेक दोषी दिसतात! एक कोरा तुकडा तुलनेसाठी बाजूला ठेवा.

जुना_ओव्हरसियर
मांजरपाट डाउनटेक सांगेल, घर नाही सांगणार. त्यासाठी डाय, म्हणजे घरातून रंग सोडून तो कुठे निघतो ते बघायचं. फ्लुओरेसिन २-३ ग्रॅम बादलीभर पाण्यात आधी विरघळवा, कोरडी पूड घरात उघडू नका. एका वेळी एकच घर आणि त्यातलंही एकच ठिकाण: मशीनचा आउटलेट, मग सिंक, मग नहाणी, मग संडास. एकजण चेंबरवर उभा. १५ मिनिटांत हिरवा रंग पावसाच्या चेंबरात आला तर तो जोड चुकीचा. रंग पूर्ण निवळेपर्यंत पुढचं घर घेऊ नका, नाहीतर वरच्याचं खापर खालच्यावर फुटतं.

पोटॅशियम परमँगनेट वापरू नका. सांडपाण्यातल्या घाणीने त्याचा जांभळा रंग मरून तपकिरी होतो आणि 'काहीच आलं नाही' असा निष्कर्ष निघतो.

कुणालाही चेंबरमध्ये उतरवू नका, पावसाची लाईन असली तरी. सांडपाणी शिरलंय म्हणजे हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, आणि तो जास्त झाला की वास येणंच बंद होतं.

बी_विंग_सेक्रेटरी
बाहेरून बघितलं तर संशयित डाउनटेक दोनच दिसतायत. काही सभासद म्हणतात, घरोघरी शोधण्यापेक्षा ते दोन्ही खालून थेट ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाका. चालेल?

निचरा
अजिबात नाही. समजा त्या दोन डाउनटेकवर गच्चीचा ६०० चौ.मी. भाग आहे. तासाला ५० मि.मी. पाऊस धरला तर ३०,००० लिटर, म्हणजे सेकंदाला सव्वाआठ लिटर. १५० मि.मी.चा ड्रेनेज पाइप १:१०० उताराने पूर्ण भरून सेकंदाला साधारण १५ लिटर नेतो. अर्ध्याहून जास्त जागा पावसानेच खाल्ली. उरलेल्यात सगळ्या इमारतीचं सांडपाणी, आणि तेही पुढची लाईन मोकळी असेल तर. ती भरली की पाणी तळमजल्याच्या संडासातून वर येतं. ५० मि.मी. हा आकडा मनाचा नाही. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने (मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा) मुंबईच्या नाल्यांसाठी तोच धरला होता, त्याआधीचे २५ वर बांधलेले.

मशीनची नळी मोरीच्या नहाणी ट्रॅपमध्ये न्या. लांब असेल तर बाहेरच्या भिंतीवरून ७५ मि.मी.चा वेगळा वेस्ट पाइप खाली गली ट्रॅपपर्यंत (जमिनीलगतचा, ड्रेनेजला जोडलेला ट्रॅप). ट्रॅपमध्ये ५० मि.मी. पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर वास थेट घरात. डाउनटेकला पाडलेलं भोक टेपने नाही, कपलर (पाइपचे तुकडे जोडणारा सांधा) टाकून बंद करा.

जुना_ओव्हरसियर
सभासदांना पत्र लिहाल तर एवढं घाला: मुंबईत मलनिःसारण आणि पर्जन्य जलवाहिन्या वेगळ्या आहेत. पावसाच्या लाईनीतलं पाणी प्रक्रिया केंद्रात जात नाही, नाल्यातून तसंच खाडीत जातं. मुलुंडचं ठाण्याच्या खाडीत. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २४ प्रदूषित पाणी असं सोडायला मनाई करतं, आणि त्या कायद्यातल्या 'प्रवाहा'त भरती-ओहोटीचं पाणीही येतं.

आवारातली लाईन सोसायटीचीच. गेटाबाहेरच्या जलवाहिनीत दुसरीकडून सांडपाणी येताना दिसलं तर १९१६ ला फोन करा. पण आधी तुमचं ५ नंबरचं चेंबर कोरडं करून घ्या, कारण पाहणीला आलेला माणूस पहिलं झाकण तुमचंच उघडेल.