प्रतिसाद: आडनाव सोडा, घर धरा

वंशावळ शोधताना सासरचं चेक आडनाव १७६०च्या मागे चर्चच्या नोंदवहीत एकदम बदलतं, म्हणजे भलत्याच घराण्याच्या मागे लागलो का, असं वर विचारलंय. बहुधा नाही. तेव्हा खेड्यांत आडनाव बऱ्याचदा घराला चिकटलेलं असे. जावई सासऱ्याच्या घरी नांदायला गेला की त्या घराचंच नाव लावायचा. आडनावं पक्की झाली ती १७८०च्या दशकात, तिथला तेव्हाचा हॅब्सबर्ग सम्राट दुसरा जोसेफ याच्या सुधारणांनंतर.

म्हणून घर धरून मागे जा. घरक्रमांक १७७०-७१ पासून आहेत, आणि पुढे चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींतही येतात. विभागीय अभिलेखागारांनी या वह्या ऑनलाइन फुकट ठेवल्यात. (बऱ्याच नोंदी जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरात. मोडी वाचणाऱ्यांना हा छळ ओळखीचा वाटेल!)

नावापुढचा दर्जा मात्र नक्की टिपून ठेवा. सेडलाक म्हणजे बऱ्यापैकी जमीनवाला, खालुपनिक थोडक्या जमिनीचा, पोद्रुह दुसऱ्याच्या घरात राहणारा मजूर. जमीनदाराची वेठही त्यावरच ठरे. सेडलाकला वेठीला आपली जनावरं घेऊन जावं लागे. १७७५च्या फर्मानाने ही वेठ आठवड्याला जास्तीत जास्त तीन दिवसांवर आणली, पण संपली थेट १८४८मध्ये.