मदत हवी आहे: मिंग राजघराण्याच्या चीनला चांदीची एवढी भूक का?

मंडळी, सोळाव्या शतकातल्या चांदीच्या व्यापाराबद्दल वाचतोय. १५४५ला पोटोसीला (आत्ताचं बोलिव्हिया) चांदीचा डोंगर सापडला, १५७१ला स्पॅनिशांनी मनिला घेतलं आणि मग मेक्सिकोतल्या अकापुल्को बंदरातून गलबतं भरून चांदी मनिलाला, तिथून चीनला, बदल्यात रेशीम न् चिनीमातीची भांडी, इथपर्यंत क्लिअर आहे. मिंग सरकार कर चांदीत घ्यायला लागलं म्हणून मागणी वाढली हेही ठीक, पण त्याआधी त्यांच्या कागदी नोटा होत्या ना, त्या का बुडाल्या? नुसत्या जास्त छापल्या म्हणून, हे जरा फारच सोपं उत्तर वाटतं मला. आणि सुरतेच्या मुघल टांकसाळीत परदेशी चांदीचे रुपये पाडायचे, ती अमेरिकेतली चांदी तिथवर नक्की कुठल्या वाटेने यायची? कुणी वाचलं असेल तर पुस्तक सुचवा प्लीज, मराठीत असेल तर उत्तमच, फक्त जाडजूड प्रबंध नको.