डिस्क इमेज दर वेळी ४१ टक्क्यांवर अडकते

पाटीपेन्सिल:
लॅपटॉपमध्ये १ टीबीची २.५ इंची हार्डडिस्क, विंडोज १०. पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत, फाइलच्या रूपात) यूएसबी एक्स्टर्नल डिस्कवर घ्यायला लावली की ४१ टक्क्यांवर थांबते. माउस हलतो, पण प्रोग्रॅम 'नॉट रिस्पॉन्डिंग'. कॅन्सलही होत नाही. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, दुसरं वापरून पाहिलं, अँटिव्हायरस बंद केला. तेच. चेकडिस्क 'स्लॅश आर' (डिस्कवरच्या खराब जागा शोधणारी विंडोजची कमांड) लावू का?

तारतम्य:
आत्ता अजिबात नको. ती सगळी डिस्क वाचत सुटते, दुखऱ्या जागी पुन्हा पुन्हा जाते. आधी डेटा बाहेर काढा.

दोन वेगळी सॉफ्टवेअरं एकाच जागी अडकतात म्हणजे बहुधा डिस्कचा तेवढा भाग वाचता येत नाहीये. खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) लागला की ड्राइव्ह आपणच परत परत वाचत बसते, विंडोज डीफॉल्टने ६० सेकंद वाट बघून रीसेट करते आणि पुन्हा मागते. असे सेक्टर ओळीने आले की सगळं गोठल्यासारखं दिसतं.

अडकल्यावर रिसोर्स मॉनिटरचा डिस्क टॅब बघा. जुनी डिस्क १०० टक्के व्यग्र, वाचनाचा वेग शून्याजवळ, रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद असेल तर तिचंच दुखणं. मग इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क'च्या नावावरच्या ७ (खराब ब्लॉक) आणि १५३ (वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं) क्रमांकाच्या नोंदी शोधा. क्रिस्टलडिस्कइन्फोत (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले), सी६ (दुरुस्त न होणारे) बघा.

स्क्रूड्रायव्हर:
टक्का दर वेळी बदलत असता तर संशय एक्स्टर्नलवर: हब काढून थेट पोर्ट, दुसरी केबल, 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' (वीज वाचवायला पोर्ट झोपवणं) बंद. सुरुवातीलाच अडकलं तर संशय शॅडो कॉपीवर (चालू विंडोजमधून डिस्कची त्या क्षणाची प्रत घेण्याची सोय). 'व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स' ही कमांड दिल्यावर सगळे 'स्टेबल' हवेत.

पाटीपेन्सिल:
१५३ ची रांगच लागली आहे, मधे काही ७. सी५ समोर शून्यांनंतर १८. फार नाही ना?

तारतम्य:
ते १८ हेक्समधलं (१६ च्या पायातलं), म्हणजे २४. शिवाय जिथे अजून वाचायचा प्रयत्नच झाला नाही, तिथले यात धरलेले नाहीत.

आधी गरजेच्या फायली हाताने कॉपी करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा. मग एसएसडी घ्या, पण ९६० जीबीची नको. १ टीबीची डिस्क तिच्यात मावणार नाही. उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून 'जीडीडीरेस्क्यू' पॅकेज टाका (खराब डिस्कची नव्या डिस्कवर प्रत करतं; कमांड मात्र 'डीडीरेस्क्यू'). पहिली फेरी '-एफ -एन', म्हणजे चांगला भाग आधी निघतो आणि अवघड जागा तूर्त सुटतात. दुसरी '-एफ -डी -आर३', तीच मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) देऊन. ती फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह सिस्टिममध्येच ठेवलीत तर रीस्टार्टला जाईल.

कमांडमध्ये जुनी डिस्क आधी, नवी नंतर. 'एलएसबीएलके'मध्ये (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मॉडेल नंबर दोनदा ताडून बघा. उलटं झालं तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाईल, आणि '-एफ' दिल्यावर कुणी विचारतही नाही.

स्क्रूड्रायव्हर:
प्रत झाल्यावर आता चेकडिस्क, पण 'स्लॅश एफ' (फाइल सिस्टिमच्या चुका दुरुस्त करणारी) आणि फक्त नव्या डिस्कवर. जुनी आणि नवी दोन्ही जोडून विंडोज सुरू करू नका. दोघींची ओळख एकच असल्याने एक ऑफलाइन होते. पुढची इमेज एसएसडीवरून घ्याल तेव्हा 'व्हेरिफाय'वर खूण करा, वेळ लागला तरी.