मदत हवी: पेठेत बीपी तपासणी ठेवतोय, फॉर्ममध्ये नेमकं काय विचारू?

नमस्कार. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीतर्फे गणपतीआधी बीपी तपासणी ठेवतोय. डॉक्टर ठरलेत, मशीन आहे. पण नुसते आकडे लिहून काय करायचं? गल्लीत बीपी कशानं वाढतंय तेही कळावं म्हणून एक पानी फॉर्म करतोय. वय, आईवडिलांना बीपी, कमरेचा घेर, शुगर, दारू, झोप हे घेतलंय.

अडलंय मिठापाशी. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराच्या आत सांगते. पण "मीठ जास्त खाता का?" म्हटलं की सगळे "छे, बेतानंच!" म्हणणार. खापर तांबड्या रश्श्याच्या तिखटावर. चटणी, खर्डा, पापड, मिसळीवरचं फरसाण यातलं मीठ कोण धरतंय?

तंबाखूचंही तेच. पुरुष उघड मळतात. बायका मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावतात, पण ते त्यांच्या हिशेबी दात घासणं. शिवाय तिशीतली पोरं फिरकतच नाहीत. टेबल रंकाळा तलावावर मांडावं का?

प्रतिसाद १
मिठाची किलोची पिशवी किती दिवस जाते आणि जेवणारी माणसं किती, एवढंच विचारा. चौघांत महिन्याला किलो संपलं तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर गेलं. अंदाजच हा. फरसाण यात येत नाही, आणि लोणची-पापड घातलेला महिना धरू नका. मिश्रीसाठी "दात कशानं घासता?" विचारा, विचारणारी बाई असू दे आणि सासू शेजारी नको.

रंकाळा नको. तिथं पहाटे फिरणारे आधीच जपून असतात. शिरोलीच्या कारखान्यांत शिफ्ट करणारी पोरं रविवारी तालमीतच गाठा.

प्रतिसाद २
"गोळी चालू आहे का?" हा रकाना हवाच. गोळीवर १२५/८० आलेला माणूस नाहीतर निरोगीत जमा होईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांपुढच्या पुरुषांत २४ आणि स्त्रियांत २१ टक्के बीपी निघालं, त्यात गोळीवाले धरलेत.

मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. एकदा १४०/९० च्या वर आलं म्हणून लगेच शिक्का मारू नका, दुसऱ्या दिवशी परत बोलवा.

धागाकर्ता
पिशवीचा हिशेब झकास! पण भाड्यानं राहून खानावळीत जेवणाऱ्या पोरांचं मीठ कसं धरू?